पोरक्या गाण्यांचें माहेर

संगीताचा इतिहास लिहिणारा लेखक बहुधा गायकांचीं व वादकांचीं चरित्रें लिहितो. फार झालें तर एखाद्या आश्रयदात्या संस्थानिकाचें नांव त्यांत घालतो. गाणें ऐकणारा, तें पारखून घेणारा आणि चारचौघांच्या कानांवर घालणारा मनुष्य या इतिहासांत सहसा येत नाहीं. तानसेन होतां न आलें तरी कानसेन व्हावें असें आपल्याकडे म्हणतात खरें; पण तानसेनाच्या नांवानें समारोह भरतात, कानसेनाचें नांवगांवहि कोणी विचारीत नाहीं. न्यूयॉर्क शहरांत १९७० पासून पुढें सतरा-अठरा वर्षें जें घडलें त्यांत मात्र हा क्रम उलटा झाला. तेथें कांहीं कानसेनांनीं, आणि त्यांच्याभोंवतीं जमणाऱ्या नाचणाऱ्या मंडळींनीं, जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत पडून राहिलेलीं व बाजाराच्या कोणत्याच खणांत न बसणारीं गाणीं उचललीं आणि त्यांना नवा जन्म दिला. ही निवड कोणी केली, कोणत्या परिस्थितींत केली, आणि नेमकीं हींच माणसें ती करूं शकलीं याचें कारण काय, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

डिस्को हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें आरशांचे तुकडे लावलेला फिरता गोळा, चकचकीत पोषाख आणि १९८० च्या सुमाराच्या हिंदी चित्रपटांतील रोषणाई उभी राहते. हें चित्र खोटें नाहीं, पण तें उत्तरकालीन आहे. मूळ फ्रेंच 'डिस्कोथेक' या शब्दाचा अर्थ तबकड्यांचा संग्रह एवढाच; ग्रंथालयाला जसा 'बिब्लिओथेक' हा शब्द, तसाच हा. पुढें वादकांच्या ताफ्याऐवजीं तबकड्या लावून जेथें नाच चालतो त्या जागेला तें नांव पडलें. अशा जागांतहि दोन प्रकार होते. एक उघड्या बाजारांतला, जेथें दारावर तिकीट घेऊन कोणीहि आंत जावें. दुसरा निमंत्रितांपुरता, त्याला पाटी नसे, त्याची जाहिरात नसे. या दुसऱ्या प्रकाराला भूमिगत म्हणतात. हा भूमिगतपणा तळघराचा नव्हे; त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जागा तर माडीवर होती. तो समाजाच्या नजरेआड राहण्याचा होता.

नजरेआड राहण्यास सबळ कारणें होतीं. पुरुषानें पुरुषाबरोबर नाचणें म्हणजे त्या काळच्या न्यूयॉर्कमध्यें पोलिसांची धाड ओढवून घेणें होतें. १९६९ च्या जून महिन्यांत स्टोनवॉल नांवाच्या मद्यगृहावर अशीच धाड पडली असतां तेथील गिऱ्हाइकांनीं प्रतिकार केला, आणि समलिंगी लोकांच्या हक्कांच्या चळवळीला तेथून नवें वळण लागलें. कृष्णवर्णी तरुण आणि पोर्टो रिकोहून आलेल्या कुटुंबांतील मुलें यांनाहि गोऱ्या वस्तींतील नाचघरांचीं दारें मोकळीं नसत. त्याच सुमारास शहराच्या दक्षिण भागांतील लहान कारखाने आणि वखारी एकामागून एक बंद पडत होत्या, व त्यांचे प्रशस्त मजले थोड्या भाड्यांत मिळूं लागले होते. कारखान्यांनीं टाकलेल्या जागा आणि समाजानें दूर ठेवलेलीं माणसें यांची अशी गांठ पडली. तिसरी टाकलेली वस्तु, म्हणजे गाणीं, त्यांना लवकरच येऊन मिळाली.

पहिला प्रयोग एका जुन्या प्रार्थनामंदिरांत झाला असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं. पश्चिम त्रेचाळिसाव्या रस्त्यावर जर्मन बाप्टिस्ट पंथाचें एक चर्च होतें. त्याचें पुढें 'सँक्च्युअरी' नांवाचें नाचघर झालें. तेथें फ्रान्सिस ग्रासो हा तरुण तबकड्या लावी. दोन यंत्रें शेजारीं ठेवून एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभांत असा मिसळावयाचा कीं नाचणाऱ्याचें पाऊल अडूं नये, ही कला त्यानें रूढ केली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्याची निवड अधिक महत्त्वाची आहे. नायजेरियाचा वादक बाबाटुंडे ओलाटुंजी याची १९५९ सालीं ध्वनिमुद्रित झालेली ढोलांची तबकडी तो त्या गर्दीपुढें लावी. लेड झेपेलिन या इंग्रज ताफ्याचें गिटारनें दणाणणारें गाणें आणि शिकागो या अमेरिकन ताफ्याच्या गाण्यांतील तालवाद्यांचा भाग तो एकावर एक वाजवी. यांतील एकहि तबकडी नाचघरें डोळ्यांपुढें ठेवून तयार झालेली नव्हती.

ग्रासोनें रीत घालून दिली. तिला घर मिळालें तें डेव्हिड मॅन्कुसो याच्यामुळें. याचा जन्म १९४४ सालचा, न्यूयॉर्क राज्यांतील यूटिका या गांवचा. बालपणाचीं पहिलीं वर्षें त्यानें अनाथाश्रमांत काढलीं. तेथील एक जोगीण मुलांना एका खोलींत जमवून तबकड्या लावीत असे, फुगे बांधीत असे, ही आठवण तो पुढें सांगत असे. १४ फेब्रुवारी १९७० रोजीं त्यानें ६४७ ब्रॉडवे या पत्त्यावरील आपल्या राहत्या माडीवर स्नेह्यांना नाचाचें निमंत्रण दिलें, आणि पुढें दर आठवड्याला तो परिपाठ पडला. जागेला नांव नव्हतें. येणारे तिला 'लॉफ्ट', म्हणजे माडी, म्हणूं लागले. तेथें मद्य विकलें जात नसे. फळें, सरबत आणि खाण्याचे जिन्नस वर्गणीतच मिळत. ज्याच्यापाशीं पैसे नसत त्याची उधारी चाले. छताला फुगे लावलेले असत. शहराच्या अधिकाऱ्यांपुढें परवान्याचा प्रश्न आला तेव्हां, येथें कांहींच विकलें जात नसल्यामुळें हा खासगी समारंभ होय, असें ठरलें.

विक्री नाहीं ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. पण माझ्या मतें या सर्व इतिहासाची किल्ली तिच्यांत आहे. ज्या जागेचा चरितार्थ मद्याच्या खपावर चालतो तेथें गाणें हें गिऱ्हाइकाला रिझविण्याचें साधन होतें; ओळखीचें नसलेलें गाणें लागलें कीं गिऱ्हाईक उठून जाईल, ही धास्ती मालकाला असते. मॅन्कुसोला ती धास्ती नव्हती. रात्र दीर्घ होती, पहाटेपर्यंत कोणाला घाई नव्हती. आरंभीं शांत व संथ गाणीं, मध्यरात्रीनंतर चढता वेग, आणि पहाटेस पुन्हां विसांवा, असा तो क्रम लावी; आपल्या मैफलींत विलंबितापासून द्रुतापर्यंत जाऊन भैरवीनें शेवट करतात, त्याची येथें आठवण होते. ध्वनिक्षेपकांवर त्यानें अतोनात खर्च केला. क्लिप्शहॉर्न जातीचे भव्य कर्णे त्यानें घेतले, आणि अॅलेक्स रोझनर या तंत्रज्ञाकडून अति उंच स्वरांसाठीं लहान कर्णे करवून ते नाचणाऱ्यांच्या डोक्यांवर टांगले. आवाज मोठा असावा यापेक्षां तो स्वच्छ असावा, हा त्याचा आग्रह होता. पुढेंपुढें त्यानें गाणीं एकांत एक मिसळणेंहि सोडून दिलें; प्रत्येक तबकडी पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत जशी आहे तशी तो ऐकवी. स्वत:ला तो संगीताचा यजमान म्हणवी, कलावंत म्हणवीत नसे.

या यजमानाच्या घरीं आलेल्या पाहुण्यांत सर्वांत कीर्तिमान झालें तें 'सोल माकोसा' हें गाणें. त्याचा कर्ता मानु डिबांगो हा कॅमेरूनचा सॅक्सोफोनवादक. १९३३ सालीं दुआला येथें तो जन्मला व पंधराव्या वर्षीं फ्रान्सला शिकावयास गेला. १९७२ सालीं आफ्रिकेच्या फुटबॉल-चषकाचे सामने कॅमेरूनमध्यें भरले, त्या निमित्तानें त्यानें एक गौरवगीत तयार केलें. तबकडीला दोन बाजू असतात. दर्शनी बाजूवर गौरवगीत गेलें, आणि पाठची बाजू रिकामी कशी ठेवावी म्हणून तिच्यावर हें गाणें घातलें गेलें. माकोसा हा दुआला भागांतील नाचगाण्याचा प्रकार. त्याला अमेरिकन सोल संगीताची जोड देऊन, मधूनमधून दुआला भाषेंतील शब्द तालाच्या अंगानें तोतऱ्यासारखे तोडून म्हणत, डिबांगोनें सॅक्सोफोन वाजविला होता. सामने संपले, गौरवगीताचें प्रयोजन संपलें, आणि तबकडीचें आयुष्यहि तेथेंच संपावयाचें.

तसें झालें नाहीं. ब्रुकलिनमध्यें वेस्ट इंडीजच्या लोकांसाठीं चालणाऱ्या एका तबकड्यांच्या दुकानांत मॅन्कुसोला तिची एक प्रत मिळाली. त्यानें ती माडीवर लावली. नाचणाऱ्यांनीं तिला उचलून धरलें, इतर नाचघरांतील तबकडीवाले तिच्या शोधास लागले, आणि डब्ल्यूबीएलएस या नभोवाणी केंद्रावरील फ्रँकी क्रॉकर यानें ती ऐकविण्यास आरंभ केला. शहरांत आलेल्या थोड्याशा प्रती हां हां म्हणतां संपल्या. मूळ तबकडी मिळेना म्हणून निरनिराळ्या ताफ्यांनीं तिच्या नकला करून बाजारांत आणल्या. शेवटीं अॅटलांटिक या मोठ्या कंपनीनें हक्क घेऊन १९७३ सालीं मूळ गाणें प्रसिद्ध केलें, व 'बिलबोर्ड'च्या राष्ट्रीय यादींत तें पस्तिसाव्या क्रमांकापर्यंत चढलें. फुटबॉलसाठीं काढलेल्या तबकडीची पाठ, अपरिचित भाषा, एका माडीवरील नाच, आणि त्यानंतर कंपनी व यादी: हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. एरवीं कंपनी आधीं ठरवी, नभोवाणी ऐकवी, आणि लोक अखेरीस नाचत. येथें नाचणारे पहिले होते.

'सोल माकोसा' एकटें नव्हतें. बार्राबास या स्पॅनिश ताफ्याचीं गाणीं मॅन्कुसोनें अॅमस्टरडॅमहून आणलीं. वॉर नांवाच्या ताफ्याची १९७२ सालची एक रचना तेरा मिनिटांहून अधिक चालते, आणि तींत शब्द जवळजवळ नाहींतच. नभोवाणीला तीन मिनिटांचें गाणें हवें असे, त्यामुळें तिला तेथें थारा नव्हता. लॉफ्टमध्यें तीच रचना वर्षानुवर्षें मानाचें पान ठरली. या आवडींत आपला एक धागाहि गुंतलेला आहे. मुंबईंत जन्मलेल्या श्रीमती आशा पुथली यांनीं हिंदुस्थानी संगीताचें आणि पाश्चात्य ऑपेराचें असें दोन्ही शिक्षण घेतलें होतें. मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ति मिळवून त्या न्यूयॉर्कला गेल्या, आणि ऑर्नेट कोलमन या जॅझमधील बंडखोर वादकाच्या 'सायन्स फिक्शन' या संग्रहांत गायिल्या. १९७६ सालच्या त्यांच्या 'द डेव्हिल इज लूझ' या संग्रहांत 'स्पेस टॉक' नांवाचें एक गाणें आहे. कुजबुजीच्या अंगानें जाणारा त्यांचा मृदु आवाज रूढ डिस्कोच्या ठणठणाटाशीं मुळींच जुळणारा नव्हता. लॉफ्टनें नेमकें तेंच गाणें आपलें मानलें. मुंबईच्या मुलीचें हें गाणें मुंबईला ठाऊक होण्याआधीं ब्रॉडवेवरील नाचणाऱ्यांना पाठ झालें होतें.

आतां प्रश्न असा कीं, हीं गाणीं याच लोकांना कां आवडलीं? समाजानें झिडकारलेल्या माणसांना झिडकारलेलीं गाणीं आपलीं वाटलीं, हें उत्तर गोड आहे, पण पुरेसें नाहीं. झिडकारलेलीं माणसें जगांत सर्वत्र आहेत. त्या सर्वांची अभिरुचि उदार असते असें म्हणतां येणार नाहीं. येथें आणखी तीन गोष्टी जुळून आल्या होत्या. पहिली, श्रोतृवर्ग मिश्र होता. कोणाला आफ्रिकन ढोलांत चर्चमधील टाळ्या ऐकूं येत, कोणाला स्पॅनिश गाण्यांत घरची भाषा भेटे. एकाला परकें वाटलेलें गाणें दुसऱ्याच्या पावलांवरून त्याला कळे. दुसरी, पुनरावृत्तीला अवसर होता. नवी चीज पहिल्या ऐकण्यांत क्वचितच पटते. ती त्याच मंडळींना, त्याच जागीं, दर आठवड्याला ऐकविणारा कोणी तरी लागतो. तिसरी, गाणें कोणाचें, कोणत्या देशाचें, कोणत्या वर्गांतलें, हें त्या अंधारांत कोणी सांगत नसे. नांवाची भीड नसल्यामुळें कानाला आपलें मत स्वतंत्रपणें बनवितां आलें. या तिन्ही गोष्टी आदरातिथ्याच्या आहेत. ज्यांना इतरांनीं दारांतून परतविलें होतें त्यांनीं स्वत:चें दार कोणासाठीं लावून घेतलें नाहीं, एवढेंच त्यांचें वैशिष्ट्य. पण तें थोडें नव्हे.

या आवडीनें गाण्याचा आकारहि बदलला. लहान तबकडीवर तीन-चार मिनिटांचें गाणें मावे. नाचणाऱ्याला तें अपुरें वाटे. टॉम मोल्टन या ध्वनिसंपादकानें गाण्यांतील तालाचे भाग वाढवून लांब प्रती तयार करण्यास आरंभ केला, आणि अशा प्रती बारा इंचांच्या तबकडीवर घेतल्यास खांचा रुंद होऊन आवाज अधिक भरदार उमटतो, हें ध्यानांत आलें. १९७६ सालीं साल्सोल कंपनीनें 'टेन पर्सेंट' हें गाणें वॉल्टर गिबन्स या नाचघरांतील तबकडीवाल्याकडून नऊ मिनिटांवर वाढवून घेऊन बारा इंची तबकडीच्या रूपानें विक्रीस आणलें. अशी तबकडी दुकानांत येण्याची ही पहिली वेळ. त्याच्या आदल्या वर्षीं मॅन्कुसो व त्याचे सहकारी यांनीं तबकडीवाल्यांची एक सहकारी संस्था काढली होती. कंपन्यांनीं नव्या तबकड्या तिच्याकडे विनामूल्य पाठवाव्या, आणि सभासदांनीं त्या नाचणाऱ्यांपुढें ठेवून अनुकूल-प्रतिकूल मत कळवावें, अशी योजना होती. रसिकांच्या मताला व्यापाऱ्यांनीं इतकें महत्त्व दिल्याचें उदाहरण संगीताच्या इतिहासांत विरळा.

व्यापाऱ्यांनीं महत्त्व दिलें, आणि मग सर्वस्वच आपल्या हातीं घेतलें. १९७७ च्या अखेरीस 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा चित्रपट आला व डिस्कोचें पीक सर्वत्र फोफावलें. कंपन्या एकाच सांच्यांतून गाणीं काढूं लागल्या. जो प्रकार चाकोरीबाहेरच्या गाण्यांवर वाढला होता तोच चाकोरी बनला. त्याची प्रतिक्रियाहि तितकीच उग्र आली. १२ जुलै १९७९ रोजीं शिकागोच्या कोमिस्की पार्क या मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरांत, प्रेक्षकांनीं आणलेल्या डिस्को तबकड्यांचा ढीग सुरुंग लावून उडविण्यांत आला. सुमारें पन्नास हजार लोक जमले होते. हजारो मैदानांत घुसले, आणि दुसरा सामना होऊंच शकला नाहीं. त्या रात्रीं केवळ कंटाळवाण्या गाण्यांविषयींचा राग व्यक्त झाला असें कांहीं जण म्हणतात. परंतु उडविलेल्या ढिगांत कृष्णवर्णी गायकांच्या, डिस्को नसलेल्याहि, तबकड्या होत्या, असें तेथें हजर असलेल्यांनीं सांगितलें आहे. राग गाण्यावर किती आणि गाणाऱ्यावर किती, हा हिशेब म्हणूनच सोपा नाहीं.

बाजार बसला, भूमिगत नाचघरें मात्र बसलीं नाहींत. त्यांना बाजाराचा आधार पूर्वींहि नव्हता. किंग स्ट्रीटवरील एका मोटारींच्या गॅरेजमध्यें १९७७ सालीं सुरू झालेलें 'पॅरडाइज गॅरेज' हें त्यांतील अग्रगण्य. तेथेंहि मद्य नव्हतें, प्रवेश सभासदांना होता, व बहुसंख्य सभासद कृष्णवर्णी आणि समलिंगी होते. लॅरी लेव्हन हा तेथील सूत्रधार लॉफ्टच्या तालमींत वाढलेला. त्यानें लोकप्रिय केलेली सर्वांत अनपेक्षित चीज म्हणजे बर्लिनच्या मॅन्युएल गॉट्शिंग याची 'ई टू - ई फोर'. बुद्धिबळांत राजापुढचें प्यादें दोन घरें सरकविण्याच्या खेळीचें हें नांव. १२ डिसेंबर १९८१ रोजीं गॉट्शिंगनें आपल्या खोलींत एकट्यानें, विद्युत्-वाद्यांवर, एका बैठकींत सुमारें तासभर ती वाजविली. दोनच स्वरसंगति आळीपाळीनें येत राहतात; कालांतरानें गिटार तींत मिसळते. नाचाचा विचार त्याच्या मनांत नव्हता. १९८४ सालीं तबकडी निघाली तेव्हां तिला मोठें यशहि मिळालें नाहीं. पण गॅरेजमध्यें ती लागली आणि लोक तिच्यावर नाचले. एकाच वस्तूकडे पुन्हां पुन्हां पाहत राहिल्यानें ती नवी दिसूं लागते, हा अनुभव तंबोऱ्यासमोर बसणाऱ्याला नवा नाहीं.

येथें आर्थर रसेल याचें नांव घेतलें पाहिजे; कारण चाकोरीबाहेरची गाणीं शोधणाऱ्यांच्या घरांत त्यानें तशीं गाणीं मुद्दाम रचण्याचा उद्योग केला. आयोवा प्रांतांतील ऑस्कलूसा या लहान गांवचा हा मुलगा चेलो वाजवी. तरुणपणीं तो कॅलिफोर्नियांत बौद्ध आश्रमांत राहिला, आणि उस्ताद अली अकबर खां यांनीं तेथें स्थापिलेल्या विद्यालयांत हिंदुस्थानी संगीत शिकला. १९७३ सालीं न्यूयॉर्कला येऊन तो प्रयोगशील संगीतकारांत वावरूं लागला. त्या मंडळींत डिस्को हा शब्द उच्चारणें कमीपणाचें होतें. रसेल नाचघरांत गेला आणि तेथील पुनरावृत्तींत त्याला तीच एकाग्रता आढळली जी तो अन्यत्र शोधीत होता. १९८० सालच्या 'इज इट ऑल ओव्हर माय फेस' या गाण्यासाठीं त्यानें गायक म्हणून लॉफ्टमध्यें नाचणाऱ्यांनाच बोलाविलें. त्यांचे आवाज शिकलेले नव्हते. सूर कोठें कोठें ढळतो. लॅरी लेव्हननें त्या ध्वनिमुद्रणांतून स्त्री-आवाजाची नवी प्रत तयार केली, व ती गॅरेजचें आवडतें गाणें झाली. नाचणारे, गाणारे आणि पारख करणारे यांच्यांतील भिंत येथें अक्षरश: पडली.

या मंडळींचा शेवट आनंदाचा झाला नाहीं. १९८१ सालीं एका अनोळखी रोगाच्या पहिल्या नोंदी झाल्या. पुढें त्याला एड्स हें नांव मिळालें. नाचघरांत दर आठवड्यास दिसणारे चेहरे एकेक करून दिसेनासे झाले. पॅरडाइज गॅरेज १९८७ च्या सप्टेंबरांत बंद झालें. आर्थर रसेल १९९२ सालीं वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षाच्या आंतच गेला, वॉल्टर गिबन्स १९९४ सालीं. दोघांनाहि एड्सनें नेलें. लॅरी लेव्हनहि १९९२ सालींच हृदयविकारानें वारला. तो अडतीस वर्षांचा होता. ज्या पिढीनें ऐकण्याची ही रीत घडविली तिच्यांतील पुष्कळांना आपल्या आठवणी लिहून ठेवण्याइतकें आयुष्य मिळालें नाहीं. म्हणूनच त्या रात्रींचा इतिहास आज बहुतांशीं तबकड्यांच्या याद्यांतून आणि उरलेल्यांच्या तोंडून गोळा करावा लागतो.

या इतिहासाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. नाचघरांत अमली द्रव्यांचा उपयोग होत असे, व त्यानें कित्येकांचें आयुष्य खुंटलें. लेव्हनची प्रकृति त्यानेंच ढांसळली. पाहुण्या गाण्याचा सत्कार झाला, तरी त्याच्या कर्त्याला त्याचें मोल मिळेलच असें नव्हतें. 'सोल माकोसा'मधील तोडून म्हटलेले शब्द मायकेल जॅक्सननें १९८२ सालच्या 'थ्रिलर' संग्रहांतील एका गाण्यांत वापरले. डिबांगोला त्यासाठीं दाद मागावी लागली, व प्रकरण आपसांत मिटलें. त्याच शब्दांच्या पुढच्या एका उपयोगाबद्दल २००९ सालीं तो पॅरिसच्या न्यायालयांत पुन्हां गेला. २४ मार्च २०२० रोजीं कोविडच्या साथींत तो फ्रान्समध्यें निवर्तला. गाणें सर्वांचें होतें हें खरें; पण सर्वांच्या झालेल्या गाण्यालाहि बाप असतो, आणि त्याचें देणें फेडावें लागतें. आदरातिथ्याच्या या घरांत तेवढा हिशेब कच्चा राहिला.

आतां या सर्वांचा आपल्याशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर एका लहान वाद्याच्या कथेंत आहे. रोलंड या जपानी कंपनीनें १९८१ च्या अखेरीस टीबी-३०३ नांवाचें एक यंत्र बाजारांत आणलें. गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी एवढाच त्याचा उद्देश. पण त्याचा आवाज खऱ्या गिटारसारखा मुळींच नव्हता, आणि थोड्याच वर्षांत त्याचें उत्पादन बंद झालें. शिकागोंतील तीन तरुणांनीं तें यंत्र जुन्या बाजारांतून घेतलें, त्याच्या कळा मनाला येतील तशा फिरविल्या, आणि निघालेल्या चिरक्या, वळवळत्या आवाजाची फीत 'म्यूझिक बॉक्स' या नाचघरांतील रॉन हार्डी याला दिली. त्यांनींच पुढें सांगितलेली हकीकत अशी कीं, पहिल्या वेळीं ती लागतांच नाचणारे बाजूला झाले. हार्डीनें त्याच रात्रीं ती पुन्हां लावली, मग तिसऱ्यांदा, मग चौथ्यांदा. आणि चौथ्या वेळीं नाचघर बेभान झालें. १९८७ सालीं 'अॅसिड ट्रॅक्स' या नांवानें ती तबकडीवर आली व एका जागतिक संगीतप्रकाराचा उगम ठरली.

परंतु त्याच्या पांच वर्षें आधीं, १९८२ सालीं, हेंच यंत्र मुंबईंत वाजलें होतें. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतांतील अनुभवी वादक. त्यांनीं हें यंत्र आणि त्याच कंपनीचें तालयंत्र घेऊन, भैरवी, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले व ग्रामोफोन कंपनीनें ती तबकडी काढली. स्वरांची सरळ चढउतार, मींड घेणारा खर्ज, खंड न पडणारा ठेका: शिकागोच्या तरुणांना जें अपघातानें सांपडलें त्याच्या अगदीं जवळ ते राग मांडतां मांडतां पोहोंचले होते. तबकडी खपली नाहीं. रागांच्या रसिकांना ती ठेक्यामुळें नकोशी झाली असेल, नाचणाऱ्यांना रागांमुळें. कसेंहि असो, ती विस्मरणांत गेली. २०१० सालीं एका युरोपीय संग्राहकाच्या प्रयत्नानें ती पुन्हां प्रसिद्ध झाली, आणि मग देशोदेशींच्या नाचघरांनीं तिला डोक्यावर घेतलें. सत्तरी गांठलेल्या सिंग यांना परदेशांतून वादनासाठीं निमंत्रणें आलीं. २०१५ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

चरणजित सिंग यांच्यापाशीं कल्पना होती, वाद्यें होतीं, आयुष्यभराची तयारी होती. नव्हती ती एकच गोष्ट. ज्या माडीवर, ज्या मंडळींसमोर, कोणी तरी ती तबकडी एकाच रात्रीं चौथ्यांदा लावली असती, ती माडी नव्हती. भवभूतीनें आपल्या समानधर्म्याची वाट पाहण्याचें काम अनंत काळावर सोंपविलें. काळ तें काम करतो, नाहीं असें नाहीं. पण फार सावकाश करतो. मुंबईच्या त्या तबकडीला त्यानें अठ्ठावीस वर्षें लावलीं. मॅन्कुसोच्या माडीवर तेंच काम पहाटेपर्यंत उरकत असे.